समजूत घालणे आणि समजूत काढणे : 'श्यामची आई'मधील बालभावनांचे पुनर्वाचन (जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात)

सारांश

लहान मुलाचा राग, भीती, हट्ट आणि निराशा यांना प्रौढांनी कसा प्रतिसाद द्यावा, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राचा किंवा बालशिक्षणाचा मानला जातो. मराठी साहित्यानेही या प्रश्नाचा आपल्या परीने विचार केलेला आहे. प्रस्तुत लेखात साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकातील काही प्रसंगांचे या दृष्टीने पुनर्वाचन केले असून, प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथांशी त्याची तुलना केली आहे. मुलाच्या भावनेची दखल आणि त्याला द्यावयाची शिकवण यांचा क्रम कोणता, हा या वाचनाचा मध्यवर्ती मुद्दा आहे. बिबट्याच्या वावरामुळे जेथे मुलांची भीती काल्पनिक राहिलेली नाही, अशा जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत या मुद्द्याला विशेष महत्त्व प्राप्त होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : बालभावना, हट्ट, रुसवा, भीती, समजूत, संस्कार, 'श्यामची आई', लंपन, बालशिक्षण.

१. प्रस्तावना

'श्यामची आई' हे पुस्तक माहीत नाही असा मराठी शिक्षक सापडणे कठीण. साने गुरुजींनी (१८९९-१९५०) नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत ते लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रकाशित झाले. तेव्हापासून आजपर्यंत पाठ्यपुस्तके, वक्तृत्व व निबंध स्पर्धा, कथाकथन आणि चित्रपट अशा अनेक मार्गांनी ते मराठी घरांत पोहोचले आहे. या प्रदीर्घ प्रवासात त्याच्या वाचनाची एक ठरावीक रीत पडून गेली. प्रत्येक प्रसंगातून कोणता संस्कार मिळतो, हे शोधावे आणि तो संस्कार एका वाक्यात सांगावा, अशी ती रीत आहे. दुसऱ्या बाजूला, हे पुस्तक भाबडे आहे, त्यात अश्रूंचा अतिरेक आहे, असा आक्षेप घेणारा टीकाकारांचा एक वर्ग आहे. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. पुस्तकातील मुलाला नेमके काय वाटत होते आणि त्या वाटण्याचे त्याच्या आईने काय केले, याकडे दोन्ही बाजूंचे फारसे लक्ष गेलेले नाही.

हा प्रश्न येथे उपस्थित करण्यामागे एक स्थानिक कारणही आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांमुळे या भागात बागायती वाढली, उसाचे क्षेत्र विस्तारले आणि उसाच्या फडांत बिबट्याला आसरा मिळाला. विशेषतः २००१ नंतरच्या काही वर्षांत माणसांवरील हल्ल्यांमुळे जुन्नरचे नाव देशभर गेले. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभे राहिले, परंतु प्रश्न संपला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात लहान मुलांचे बळी गेले आणि संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. अशा परिसरात रडणाऱ्या, न जेवणाऱ्या वा हट्ट करणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी 'बिबट्या येईल' असे म्हटले जाते, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ अन्यत्र उच्चारल्या जाणाऱ्या 'बागुलबुवा येईल' या वाक्याहून फार वेगळा असतो. बागुलबुवा अस्तित्वात नसतो. बिबट्या मात्र घरामागच्या उसात असू शकतो आणि हे मुलालाही ठाऊक असते.

आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थिनींपैकी काही अंगणवाडी सेविका होतात, काही शिक्षिका होतात आणि बहुतेक विद्यार्थी-विद्यार्थिनी पुढे पालक होतात. 'श्यामची आई' आपण त्यांना कशी शिकवतो, यावर ते आपल्या हाती आलेल्या मुलाच्या रडण्याकडे कसे पाहतील, हे काही अंशी अवलंबून असते. म्हणून या पुनर्वाचनाची आवश्यकता वाटते.

२. संज्ञाविचार

मुलांच्या अनावर भावनांसाठी मराठीत शब्दांची श्रीमंती आहे. मूल हट्ट धरते, रुसते, फुगून बसते, हिरमुसते, मुसमुसते, भोकाड पसरते, थयथयाट करते, जमिनीवर लोळण घेते, कट्टी करते. या प्रत्येक शब्दात वेगळी अवस्था सूचित होते. थयथयाटात शरीर ताब्यात राहिलेले नसते. हिरमुसण्यात अपेक्षाभंग असतो आणि आवाज नसतो. रुसवा तर पूर्णपणे नात्यातील भावना आहे, कारण आपली समजूत काढायला कोणीतरी येईल हा विश्वास असल्याशिवाय कोणी रुसत नाही. ज्या मुलाला असा विश्वास नसतो, ते रुसण्याऐवजी गप्प होते.

या भावनांना प्रौढांनी द्यावयाच्या प्रतिसादासाठीही मराठीत दोन वाक्प्रचार आहेत : समजूत घालणे आणि समजूत काढणे. नित्याच्या व्यवहारात ते जवळजवळ समानार्थी वापरले जातात. तथापि विवेचनाच्या सोयीसाठी त्यांच्यात पुढीलप्रमाणे भेद करता येईल. जेथे प्रौढ आपल्याकडील शहाणपण मुलाच्या मनात घालतो, तेथे समजूत घालणे होते. जेथे प्रौढ आधी मुलाच्या मनात काय आहे ते बाहेर काढतो, त्याला वाट करून देतो आणि मग पुढे जातो, तेथे समजूत काढणे होते. दोन्ही क्रिया आवश्यक आहेत. प्रश्न त्यांच्या क्रमाचा आणि प्रमाणाचा आहे.

येथे भारतीय काव्यशास्त्रातील एक भेदही उपयोगी पडतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी अथवा संचारी भाव सांगितले आहेत. ही विभागणी रसनिष्पत्तीच्या संदर्भात आहे, मुलांच्या मानसशास्त्रासाठी ती केलेली नाही, हे उघड आहे. परंतु उपमान म्हणून ती घेतली, तर प्रौढांच्या एका सार्वत्रिक चुकीवर प्रकाश पडतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचा राग हा येतो आणि जातो, म्हणजे तो संचारी असतो. आपण मात्र त्याला स्थायी ठरवून मुलाला 'रागीट', 'हट्टी', 'रडका', 'भित्रा' अशी विशेषणे बहाल करतो. विशेषण चिकटले की मूल त्याप्रमाणे वागू लागते. विभावाची कल्पनाही अशीच उद्बोधक आहे. भाकरीचा तुकडा मोडला म्हणून मूल आकांत करते, तेव्हा मोडलेली भाकरी हे आलंबन असते. भूक, अपुरी झोप, ऊन, पाहुण्यांची गर्दी ही उद्दीपने असतात. आपण आलंबनाशी वाद घालत बसतो आणि उद्दीपनाकडे आपले लक्ष जात नाही.

आधुनिक मेंदूविज्ञान याला पुष्टी देते. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग परिपक्व होण्यास विशीचा मध्य उजाडतो. त्यामुळे लहान मूल स्वतःला सावरत नाही यात त्याचा दुष्टपणा नसतो. ते सावरणे त्याला अद्याप साधलेले नसते आणि तोवर कोणीतरी शांत माणूस जवळ असावा लागतो.

३. 'श्यामची आई'ची निवेदनरचना

पुस्तकातील बेचाळीस रात्रींचे निवेदन प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांपुढे करतो. ही रचना आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लहान श्यामला जे वाटले, ते आपल्यापर्यंत थेट येत नाही. आईच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, कृतज्ञतेच्या आणि अपराधभावाच्या प्रकाशात ते सांगितले जाते. त्यामुळे मुलाच्या रागाची व भीतीची हकिगत सुरू होते न होते, तोच प्रौढ निवेदक तिचा अर्थ सांगू लागतो. परिणामी आपण पुस्तकातून अर्थ उचलतो आणि हकिगत विसरतो.

असे असूनही साने गुरुजींच्या प्रामाणिकपणाचा विशेष असा की, त्यांनी हकिगत लपवलेली नाही. श्याम हा आदर्श बालक म्हणून त्यांनी रंगवलेला नाही. तो भितो, हट्ट करतो, रुसतो, चोरीही करतो. आईदेखील निर्दोष नाही. ती रागावते, मारते, रडते. संस्काराचा सारांश बाजूला ठेवून हे प्रसंग वाचले, तर एकाच आईच्या वागण्यात दोन निरनिराळे क्रम दिसतात.

४. दोन क्रम : पायांचा हट्ट आणि पोहण्याची भीती

पहिला क्रम अंघोळीनंतरच्या प्रसंगात दिसतो. ओल्या तळव्यांना माती लागू नये, असा श्यामचा हट्ट आहे. व्यवहाराच्या दृष्टीने हा हट्ट निरर्थक आहे. घरात कामाचा डोंगर असलेल्या आईने तो धुडकावला असता, तरी कोणी तिला दोष दिला नसता. ती मात्र आपले लुगडे दगडावर पसरते आणि श्याम त्यावर पाय ठेवतो. मग ती सांगते की, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसे मनालाही जप. या प्रसंगातील शेवटचे वाक्य मराठी जगताला पाठ झाले आहे. परंतु ते वाक्य मुलाच्या मनात उतरले, त्याचे कारण त्याच्या आधीचे पसरलेले लुगडे आहे. हट्टाची आधी दखल घेतली गेली, शिकवण नंतर आली. क्रम उलटा असता, म्हणजे पाय मातीत आणि उपदेश कानात असता, तर तोच उपदेश मुलाला टोचला असता.

दुसरा क्रम 'श्यामचे पोहणे' या प्रसंगात आहे. कोकणात पावसाळ्यात विहिरी भरल्या की मुलांना पोहायला शिकवीत. श्यामला पाण्याची भीती वाटते, तो लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. श्याम पाण्यात पडतो, पोहू लागतो. घरी परतल्यावर तो रुसलेला आहे, अंगावर वळ आहेत. आई त्याला दही देते, वळ पाहून तिच्या डोळ्यांत पाणी येते आणि आपला मुलगा भित्रा आहे असे लोकांनी म्हणू नये म्हणून आपण मारले, असे ती समजावून सांगते.

आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटानेही हा प्रसंग अनेकांच्या मनावर कोरला. त्या चित्रपटाला पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. प्रसंगाचा नेहमीचा अर्थ असा की, आईच्या कठोरपणामुळे मुलगा धीट झाला. हा अर्थ पुस्तकातील तपशिलांना न्याय देत नाही. माराने श्याम विहिरीपर्यंत पोहोचला हे खरे. पण घरी परतल्यावरही तो आईवर रुसलेला होता, म्हणजे भीतीच्या जागी दुखावलेपण आले होते. ते दूर झाले ते दह्याने, आईच्या अश्रूंनी आणि तिने दिलेल्या प्रामाणिक स्पष्टीकरणाने. श्यामच्या मनात जन्मभर जे राहिले, ते आईने नंतर येऊन तुटलेला धागा पुन्हा जोडला हे होय. मारामुळे माणूस घडतो, असा निष्कर्ष या प्रसंगातून काढणारा वाचक प्रसंगाचा उत्तरार्ध वगळत असतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. भीतीने लपलेल्या मुलाला मारणे आज समर्थनीय नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. पुस्तकाचा काळ वेगळा होता, असे म्हणून हा भाग टाळण्याऐवजी तो वर्गात चर्चेला घ्यावा. श्यामच्या भीतीबद्दल त्याला कोणी आधी विचारले असते तर काय झाले असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर पुस्तकाचा अनादर होत नाही. पुस्तकातील आईनेच अंघोळीच्या प्रसंगात तो मार्ग दाखवून दिला आहे.

आणखी एक मुद्दा आईच्या कारणाचा. मुलगा भित्रा ठरेल, ही चिंता तिची एकटीची नाही, ती गावाची आहे. जुन्नरला शिवनेरी आहे. या किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला आणि येथील प्रत्येक घरात जिजाऊंचे नाव आदराने घेतले जाते. त्यामुळे आपल्या मुलाने, विशेषतः मुलग्याने, भिऊ नये ही अपेक्षा येथे अधिक तीव्र असते. पण धैर्य म्हणजे भीतीचा अभाव, ही समजूत चुकीची आहे. भीती ओळखून, तिचे मोजमाप घेऊन तिच्यासह पाऊल टाकणे म्हणजे धैर्य. ज्या मुलाला भीती वाटते असे म्हणण्याचीच बंदी आहे, त्याला हे मोजमाप घेता येत नाही.

५. रुसवा आणि संयम : 'पत्रावळ' व 'अळणी भाजी'

'पत्रावळ' या प्रसंगात श्यामला पत्रावळ लावता येत नाही, शिकायचीही नाही. मग त्याच्या वाट्याला पान नाही, अशी वेळ येते आणि तो रागावून बसतो. घरचे लोक नियम मागे घेत नाहीत, आणि त्याला तसाच टाकूनही देत नाहीत. माहेरी आलेली थोरली बहीण त्याला मायेने जेवायला बोलावते आणि पुढे तो पत्रावळ लावायला शिकतो. आजच्या बालसंगोपनविषयक लेखनात ज्याला मर्यादा आणि जिव्हाळा यांचा मेळ म्हटले जाते, तो येथे दोन व्यक्तींमध्ये विभागलेला दिसतो. नियम एकाने सांभाळला, रुसवा दुसरीने काढला. एकत्र कुटुंबातील ही श्रमविभागणी लक्षात घेण्याजोगी आहे. आज ज्या घरात आई एकटीच नियम सांगते, एकटीच रुसवा काढते आणि त्यातच स्वयंपाक करते, तेथे तिच्याकडून दोन्ही गोष्टी सारख्याच शांतपणे होतील, ही अपेक्षा अवाजवी आहे.

'अळणी भाजी' या प्रसंगात मूल केंद्रस्थानी नाही, तरीही भावनांच्या शिक्षणाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता भाजी खातात, मुलेही बोलत नाहीत. आई जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. अपेक्षाभंग कसा पचवावा, याचा येथे कोणी पाठ दिलेला नाही. मुलांनी तो ताटावर बसून पाहिला. लहान मूल आपल्या रागाचे काय करायचे हे मोठ्यांच्या रागावरून शिकते. जीन ब्रिग्ज या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर कॅनडातील इन्युइट कुटुंबात राहून १९७० मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही मोठी माणसे मुलाच्या रागाला रागाने उत्तर देत नाहीत, हे निरीक्षण ठळकपणे येते. बर्फाळ प्रदेशातील तंबू आणि कोकणातील घर यांत कमालीचे अंतर असले, तरी येथे दोन्हीकडचा धडा एकच आहे.

६. लंपनचे एकटेपण

'श्यामची आई'च्या वाचनाला पूरक व काही अंशी विरोधी असे उदाहरण प्रकाश नारायण संत (१९३७-२००३) यांच्या कथांत मिळते. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००४) या चार पुस्तकांतून लंपन या मुलाचे भावविश्व साकारले आहे. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे सीमाभागात राहणारा हा मुलगा स्वतःच निवेदन करतो. येथे अर्थ सांगणारा प्रौढ निवेदक नाही. त्यामुळे लंपनच्या भावनांना तयार नावे मिळत नाहीत. आतून काहीतरी होते आहे, हे तो शरीराच्या संवेदनांतून, आवाज, वास, रस्ते, माणसे यांच्या वर्णनातून आणि त्याच्या खास शब्दांतून सांगतो. अनुभव आधी आणि त्याचे नाव नंतर, किंवा कधीच नाही, हे लहान मुलाच्या मनाचे वास्तव या शैलीने अचूक पकडले आहे.

श्याम आणि लंपन यांच्यातील भेद केवळ निवेदनशैलीचा नाही. श्यामच्या भावनेवर कोणीतरी सतत बोलत असते. लंपनच्या भावनेवर सहसा कोणी बोलत नाही, परंतु आजी-आजोबांचे घर त्याच्याभोवती असते. वेळेवर जेवण असते, ओळखीचे आवाज असतात, रोजचा क्रम असतो. पुष्कळदा मुलाला स्पष्टीकरणापेक्षा अशा सोबतीची गरज असते, हे या कथा सुचवतात. मात्र या सोबतीलाही मर्यादा आहे. लंपनच्या मनातले पुष्कळसे वाचकालाच कळते, घरातील मोठ्यांना नाही. श्यामच्या घरात समजूत घालण्याचा अतिरेक होण्याची शक्यता आहे, तर लंपनच्या घरात ती काढायची राहून जाते. चांगल्या संगोपनाचा मार्ग या दोहोंच्या मधून जातो.

सुधीर काकर यांनी 'द इनर वर्ल्ड' (१९७८) या ग्रंथात भारतीय मुलग्याच्या वाढीतील एका टप्प्याकडे लक्ष वेधले आहे. पहिली काही वर्षे लाडात आणि आईच्या सहवासात गेल्यावर, साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास त्याच्याकडून एकाएकी शिस्तीची व आज्ञाधारकपणाची अपेक्षा केली जाते. लाड आणि शिस्त यांच्यामध्ये पूल नसतो. श्याम आणि लंपन यांच्या हकिगतींत या पुलाचा शोध आहे, असे म्हणता येईल.

७. बालशिक्षणाची मराठी परंपरा

हा पूल बांधण्याचे काम बालशिक्षणात प्रत्यक्ष झालेले आहे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षेचे कार्य सुरू केले. मूळच्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई वाघ (१९१०-१९९२) तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम फुलले. मुले शाळेत येत नाहीत, आली तर बुजतात, रडतात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज एका सरकारी योजनेचा वाटतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. परंतु या शब्दामागची दृष्टी अशी आहे की, मुलाची अस्वस्थता ही परिस्थितीविषयीची माहिती असते आणि प्रौढाने आधी परिस्थिती बदलून पाहावी. वर विभावाच्या संदर्भात जे म्हटले, त्याचेच हे कृतिरूप होय.

८. जुन्नर-आंबेगाव : खऱ्या भीतीचे काय करावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. 'बिबट्या येईल' ही धमकी या परिसरात तीन प्रकारे घातक ठरते.

पहिले असे की, ती खऱ्या सूचनेची किंमत घालवते. अंधारात एकटे बाहेर जाऊ नकोस, उसाच्या कडेला खाली वाकून बसू नकोस, घोळक्याने जा, मोठ्याने बोलत जा, या सूचना मुलाच्या जिवाशी संबंधित आहेत. जेवणाचा घास संपवण्यासाठी रोज वापरलेला बिबट्या कधीच येत नाही, हे मुलाच्या लक्षात आले की खरी सूचनाही त्याला तशीच पोकळ वाटू शकते. उलट ज्या मुलाचा धमकीवर पूर्ण विश्वास बसतो, ते घरातही भिते, झोपेत दचकते. दुसरे असे की, या धमकीत बिबट्याला बोलावणारे आई-वडीलच ठरतात. ज्याच्याकडे भीतीने धावत जायचे, तोच भीती निर्माण करू लागला, तर मुलाने जायचे कोठे? तिसरे असे की, यामुळे मुलाची मूळ भावना, म्हणजे भूक, कंटाळा, हिरमोड, न ऐकताच राहून जाते. रडणे थांबते, पण ते समजूत निघाल्यामुळे थांबलेले नसते.

भीती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पक्क्या घरात, दिव्याच्या उजेडात झोपणारे मूल आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडालगत कोपीत झोपणारे मूल, किंवा मेंढपाळाच्या वाड्यावर उघड्यावर झोपणारे मूल यांची भीती एक नव्हे. या मुलांना धीट व्हायला सांगण्यापूर्वी त्यांना दार, दिवा आणि शौचालय मिळाले पाहिजे. भावनांच्या शिक्षणाची भाषा ही सुविधांच्या जबाबदारीतून सुटण्याची वाट होऊ नये.

आंबेगाव तालुक्याने आणखी एक आघात पाहिला आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. अशा घटनेनंतर पावसाच्या आवाजाने एखादे मूल बिलगले, तर त्याला 'काही होत नाही' असे म्हणणे खोटे ठरते, कारण काय होऊ शकते हे त्याला माहीत असते. त्याऐवजी भीती मान्य करून आता आपण कोठे आहोत, पाऊस वाढला तर काय करायचे आहे, हे सांगणे अधिक प्रामाणिक आणि अधिक धीर देणारे असते.

या संदर्भात परिसराच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी परंपरा विचार करायला लावते. महादेव कोळी व ठाकर समाजात वाघबारस साजरी होते, वाघोबाला नैवेद्य दाखवला जातो. या प्रथेकडे केवळ श्रद्धा म्हणून पाहिले जाते. पण मुलाच्या बाजूने पाहिले, तर येथे भीतीला नाव आहे, जागा आहे, ठरलेला दिवस आहे आणि तिच्यासमोर सारा पाडा एकत्र उभा आहे. मोठी माणसेही भितात, हे मुलाला दिसते आणि भीती असूनही ती कामे करतात, हेही दिसते. धमकीत मूल भीतीसह एकटे पडते. येथे ते एकटे पडत नाही. ही प्रथा सुरक्षेच्या उपायांची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. तरी भीतीची सामुदायिक समजूत काढण्याची ती एक रीत आहे, हे मान्य करावे लागेल.

९. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येऊ शकतात. एक, अशा वागण्याने मुले लाडावतील. त्याचे उत्तर 'पत्रावळ' या प्रसंगात आहे. तेथे रुसवा काढला गेला, पण नियम टिकला. भावना मान्य करणे म्हणजे मागणी मान्य करणे नव्हे. बाजारात खेळण्यासाठी लोळण घेणाऱ्या मुलाला उचलून बाजूला नेता येते, ते शांत होईपर्यंत जवळ बसता येते आणि तरीही खेळणे न घेता घरी परतता येते. दोन, सातगाव पठारावर बटाटा काढणाऱ्या किंवा दिवसभर टोमॅटो तोडून आलेल्या आईला एवढी सवड कोठून मिळणार? हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. समजूत काढण्यासाठी तासभर लागत नाही, हे खरे, पण थकलेल्या माणसाला एक मिनिटही जड असते. म्हणून हे काम एकट्या आईवर न टाकता वडील, आजी-आजोबा, थोरली भावंडे, अंगणवाडी सेविका यांच्यात वाटले गेले पाहिजे. श्यामच्या घरी ते वाटलेले होते. शिवाय प्रत्येक वेळी हे साधलेच पाहिजे असेही नाही. चुकल्यावर परत येऊन मुलाला जवळ घेणे, हे श्यामच्या आईला साधले होते आणि ते कोणालाही साधण्यासारखे आहे.

१०. निष्कर्ष

'श्यामची आई' हे केवळ संस्कारांचे पुस्तक नसून मुलाच्या अनावर भावनांना एका माउलीने दिलेल्या प्रतिसादांची ती नोंद आहे. या नोंदीत समजूत काढून मग घालण्याचा एक क्रम आहे आणि आधी घालून, दुखावून, मग काढण्याचा दुसरा क्रम आहे. पहिल्या क्रमातील शिकवण मुलाच्या मनात सहज उतरली. दुसऱ्या क्रमात ती उतरण्यासाठी आईला दही आणि अश्रू घेऊन परत यावे लागले. लंपनच्या कथा वाचल्यावर पहिल्या क्रमातही थोडे कमी बोलावे आणि थोडे अधिक जवळ असावे, हे कळते.

जुन्नर व आंबेगाव परिसरातील शिक्षकांच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी सुचवता येतील. 'श्यामची आई' शिकवताना प्रसंगाचे तात्पर्य विचारण्यापूर्वी श्यामला काय वाटत होते, हा प्रश्न विचारावा. 'श्यामचे पोहणे' हा प्रसंग उत्तरार्धासह शिकवावा आणि त्यातील माराची चिकित्सा होऊ द्यावी. तसेच गावातील पालकसभांत बिबट्याविषयी बोलताना सुरक्षेच्या सूचनांबरोबरच, मुलाला गप्प करण्यासाठी बिबट्याचे नाव घेऊ नये, ही सूचनाही आवर्जून द्यावी. या शेवटच्या सूचनेला खर्च नाही, शासननिर्णयाची गरज नाही, ती आजपासून अमलात आणता येते. बिबट्यापासून मुलाचे रक्षण करणे ही वनविभागाची, शासनाची आणि आपल्या सर्वांची जबाबदारी आहे. बिबट्याच्या नावापासून त्याचे रक्षण करणे मात्र सर्वस्वी घरातील आणि शाळेतील मोठ्या माणसांच्या हाती आहे.